मिनिटाला साठ बुडबुडे

१

दुपारी बारा वाजता मी गॅसची चावी सोडतो. एक वाजता टाकीचा दिवा लावतो. संध्याकाळी सहाला गॅस बंद, सातला दिवा बंद. यात पाच मिनिटांचा फरक पडलेला मला चालत नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ज्यांना पडतं त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही.

टाकी तीन फुटी, काचेची. तुळजापूरच्या आमच्या घरात मधल्या खोलीत, भिंतीला लागून. तिच्यात मासे थोडे आणि झाडं फार. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘‘मासे कुठं हायत?’’ मग मी त्याला चहा देतो आणि दुसरा विषय काढतो.

पाण्याखालच्या झाडांना तीन गोष्टी तोलून द्याव्या लागतात: उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचा प्रवाह. उजेड जास्त आणि गॅस कमी झाला की काचेवर शेवाळ चढतं. गॅस जास्त झाला की मासे वर येऊन तोंडं वासतात. प्रवाह मंद पडला तर गॅस पानांपर्यंत पोचत नाही, आणि पंपाचा पाइप वर उचलून पाण्याचा पृष्ठभाग ढवळला तर सगळा गॅस उडून जातो. गॅस किती आहे ते कळायला आतल्या बाजूनं काचेला एक छोटी कुपी चिकटवलेली असते. तिच्यातलं पाणी निळं असेल तर गॅस कमी, हिरवं असेल तर बरोबर, पिवळं झालं तर जास्त. सिलेंडरपासून येणाऱ्या नळीवर बोटाएवढी आणखी एक काचेची कुपी आहे, तिच्यातून बुडबुडे जाताना दिसतात. सेकंदाला एक, मिनिटाला साठ. हा माझा हिशोब, गेली सहा वर्षं न बदललेला.

चैत्र संपता संपता एका दुपारी मी घड्याळ घेऊन मोजायला बसलो, तर साठ भरले. पण सारखे नव्हते. दोन बुडबुडे लगोलग आले. मग थांबले. मी घड्याळाकडं पाहिलं, तीन सेकंद काहीच नाही. मग बरेचसे एकदम, घाईघाईनं, आणि शेवटचा अर्ध्यात अडकून कसाबसा सुटलेला.

मी चावी तपासली, नळीला कुठं मोड पडलाय का पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. दोन लगोलग, थांबा, मग घाई. ती लय मला पाठ होती, पण कुठली ते त्या दुपारी मी स्वतःला विचारलं नाही.

२

शिवलीला, माझी बायको, घरात नुसती लीला, मार्गशीर्षात गेली. फुप्फुसं आकसत जायचा आजार होता. शेवटचे चार महिने तिची कॉट याच खोलीत होती, टाकीसमोर, कारण तिला भिंत बघून कंटाळा यायचा. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन. दोन श्वास लगोलग घ्यायची, मग थांबायची, आणि मी कॉटच्या काठावर बसून तो थांबा संपायची वाट बघायचो. चार महिने मी दुसरं काही मोजलं नाही.

टाकी खरं तर तिची. ढोकीला कारखान्याच्या कॉलनीत राहायचो तेव्हा मी एकदा लॅबमधून ते रंग बदलणारं निळं पाणी पेलाभर आणलं होतं आणि तिला म्हणालो होतो, ‘‘शहाळ्याची नळी घाल आणि फुंक.’’ तिनं फुंकलं. पेला हिरवा झाला, मग पिवळाधमक.

‘‘अगं बया! माझ्या श्वासात हळद हाय का काय?’’

मी तिला श्वासातला वायू वगैरे समजावून सांगितलं. तिनं ऐकलं की नाही देवाला ठाऊक, पण पुढं टाकी आल्यावर सिलेंडर संपला आणि मी भरून आणायला सोलापूरला गेलो, की ही नळी तोंडात धरून फुंकत बसायची. मी परत येईतो कुपी हिरवी. ‘‘तुमच्या सिलेंडरनं काय केलं जादा?’’ असं वर विचारायची.

बुडबुडे बिघडल्याच्या चौथ्या दिवशी मी सिलेंडर पूर्ण बंद केला. नुसता बंद केला नाही, पान्यानं नळी सोडवून सिलेंडर मागच्या अंगणात नेऊन ठेवला. कुपी रात्रभरात निळी पडायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता दिवा लावला. कुपी हिरवी होती. तीन वाजता पिवळसर झाली. आणि नळीवरच्या काचेत, जिला आता मागं काहीच जोडलेलं नव्हतं, बुडबुडे चालले होते.

मी नळीच्या मोकळ्या टोकावर बोट ठेवलं. बोट हलकेच आत ओढलं गेलं. मग सुटलं. टोक ओलसर होतं आणि कोमट होतं.

बाहेर रस्त्यावरून कुणा यात्रेकरूंची जीप ‘उदो उदो’ करत गेली. तिचा आवाज विरेपर्यंत मी बोट तसंच ठेवलं. भीती वाटली का? वाटली. पण त्याआधी जे वाटलं ते सांगतो: हायसं वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

३

हायसं वाटणं हा काही पुरावा नव्हे. मी कामाला लागलो. कुपीतलं पाणी मी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात तो निळा रंग आणि खायचा सोडा मोजून घालून करतो. सोडा विसरला तर ते पाणी चिमूटभर वायूनंही पिवळं पडतं. विसरलो असेन. नवं पाणी केलं, सोडा तोलून घातला, कुपी धुऊन पुन्हा लावली. दोन तासांनी पिवळी. मग म्हटलं, खोलीतली हवा कोंडली असेल. खिडकी दोन दिवस उघडी ठेवली. उन्हाळ्याची झळ आत आली, पडद्यावर धूळ बसली, कुपी पिवळीच.

त्याच आठवड्यात लक्ष्मम्मा अक्का नळदुर्गाहून आली. माझी थोरली बहीण, वय ऐंशीला टेकलेलं, कान तिखट. जेवण झाल्यावर मधल्या खोलीत सतरंजी टाकून आडवी झाली. पंधरा मिनिटांत उठून बाहेर आली, पदरानं कपाळ पुसत.

‘‘विरुपाक्षा, हितं कोण निजलंय रे?’’

‘‘कुणी न्हाय, अक्का.’’

‘‘मग दम कुणाचा लागतोय?’’

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग दारातून टाकीकडं.

‘‘त्या काचंत काय घातलंस तू?’’

‘‘झाडं पिवळी पडली होती. मुळाशी मातीचे गोळे घातले.’’

‘‘कुठली माती?’’

पाण्यातल्या झाडाचं मूळ उपाशी पडलं की काळ्या मातीचे सुपारीएवढे गोळे वळायचे, उन्हात वाळवायचे आणि वाळूत खोल खुपसायचे. ही आमची सहा वर्षांची पद्धत. माती आमच्याच शेतातली, नळदुर्गाजवळच्या, पूर्वेच्या बांधाकडची, कारण तिथली चिकट असते. चैत्रात मी नेहमीसारखा पिशवी घेऊन गेलो आणि नेहमीच्या जागी बसून माती भरली. फरक एवढाच, की मार्गशीर्षात आम्ही शिवलीलाला त्याच बांधाला पुरलं होतं. आमच्यात दहन करत नाहीत. माणसाला मांडी घालून बसवतात, अंगाला विभूती लावतात आणि वर माती लोटतात. खुरपं चालवताना मला हे कळत होतं का? कळत होतं. मी हात थोडा डावीकडं घेतला होता. पुरेसा घेतला होता का, ते आज सांगता येत नाही.

अक्कानं पदर डोक्यावर ओढला.

‘‘आपण माणसाला मांडी घालून बसवतो, त्याला निवांत बसता यावं म्हून. तू तिला हाताला धरून उठवून आणलंस.’’

‘‘अक्का, मातीत जिवाणू असतात. माती कुजताना वायू सोडते. पुस्तकात आहे.’’

‘‘मग त्यो वायू दोन दम घिऊन अडकतो, असंबी लिवलंय का पुस्तकात?’’

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. जाताना म्हणाली, ‘‘माती जिथली तिथं नेऊन टाक. शिवानी बाळंतपणाला माहेरी यायच्या आत.’’

४

मी माती नेऊन टाकली नाही.

कारणं माझ्याकडं भरपूर होती. गोळे आतापर्यंत मुळांत विरघळले असतील. ते काढायचे म्हणजे सगळी टाकी उपसायची. आणि माती काढायची गरजही नव्हती. गॅस घालवायला पंपाचा पाइप दोन बोटं वर उचलला तरी पुरतं. पाणी खळाळलं की गॅस उडून जातो. हे मला येत होतं, एका हाताचं काम होतं.

मी पाइप खाली दाबला. पार तळाकडं, पाण्याची वरची कातडी हलणार नाही असा. खिडकी लावली. दाराच्या फटीला जुनं धोतर लावलं.

मला ती हवी होती. याहून शहाण्या शब्दांत मला ते सांगता येत नाही.

मासे दुसऱ्याच दिवशी वर आले, तोंडं वासायला लागले. त्यांना बादलीत काढून परसात ठेवलं. झाडं मात्र अशी वाढली की मी सहा वर्षांत पाहिली नव्हती. सिलेंडर अंगणात गंजत होता आणि इथं प्रत्येक पानाला बारीक चांदीचे थेंब लगडत होते. दुपारी जेवण झालं की मी टाकीसमोर, लीला बसायची त्या स्टुलावर बसायचो. काही बोलायचो. महागाईचं, शेजाऱ्यांच्या नव्या बोअरचं, शिवानीला सातवा लागल्याचं. शिवानी म्हटलं की बुडबुडे थांबायचे. थांबा लांबायचा, आणि मग एकदम झुंबड उडायची. हे मी अकरा वेळा तपासलं, मध्ये दुसरी नावं घेऊन. दुसऱ्या कुठल्याही नावाला काही व्हायचं नाही, माझ्या नावालासुद्धा नाही. याचं मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. शिवानीच्या लग्नाला सात वर्षं झालेली, आधीची दोन पोटात राहिली नव्हती. लीलानं या बाळंतपणाची वाट पाहता पाहता जीव सोडला होता.

सकाळी मी त्याच खोलीत इष्टलिंगाची पूजा करतो. समईची वात जमिनीजवळ असते. तिची ज्योत आता तांदळाएवढी व्हायची आणि निळसर पडायची. हातात उचलून उंच धरली की पुन्हा नीट जळायची. म्हणजे जड वायू खोलीच्या तळाशी साचत होता, गुडघ्याएवढा. चार वाजले की माझं डोकं ठणकायचं, नखं काळपट दिसायची. एखाद्या शिकाऊ पोरानं लॅबमध्ये असं काम केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. मी फक्त पूजेचा पाट टेबलावर ठेवला.

५

शिवानी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून आली. जावई सोडून गेले. मी तिची व्यवस्था पुढच्या खोलीत केली होती.

‘‘अप्पा, मला आईच्या खोलीत निजू द्या ना. तिथं गार आहे.’’

‘‘तिथं न्हाय.’’

‘‘का?’’

‘‘टाकीचा वास येतो.’’

‘‘येत नाही. मी मघाशी उभी होते ना तिथं. मला तर आईच्या तेलाचा वास आला.’’

तेव्हा मी पाइप उचलायला हवा होता. ती हात धुवायला गेली, मी टाकीपाशी गेलो, पाइपला हातही लावला. बुडबुडे हळू चालले होते, शांत. आजारपणाच्या आधी लीला झोपायची तशी लय. मनात म्हटलं, आजची दुपार जाऊ दे. लेक घरी आलीय, लीलाला कळलंय. एक दुपार. शिवानीला बजावलं की त्या खोलीत बसायचं नाही, खोलीला बाहेरून कडी घातली आणि तिच्यासाठी शहाळी आणायला बाजारात गेलो.

यायला पाऊण तास लागला. पुढच्या खोलीत ती नव्हती. मधल्या खोलीची कडी निघालेली होती आणि दार लावलेलं. ढकललं तर खालच्या फटीत धोतर नीट कोंबलेलं होतं, आतून.

शिवानी जमिनीवर सतरंजी टाकून निजली होती. कुशीवर, तोंड टाकीकडं, एक हात पोटावर. ओठ जांभळे पडले होते. दोन श्वास लगोलग. थांबा. मग घाई. नळीवरच्या काचेत तेच, त्याच क्षणी. एकीचा श्वास कुठं संपतो आणि दुसरीचा कुठं सुरू होतो ते मला कळेना.

हाका मारल्या, गाल थोपटले. जागी होईना. खिडकी उघडली, दार सताड उघडलं. तिला काखेत हात घालून ओढायला गेलो, पण आठवा लागलेली बाई आणि मी अडुसष्ट वर्षांचा, मला ती वीतभरही हलवता आली नाही. वारं आत येत होतं, पडदा उडत होता, आणि तिच्या तोंडाशी धरलेला माझा हात सांगत होता की थांबा लांबत चाललाय. पाच सेकंद. सहा.

मी टाकीकडं वळलो. बाही न सारता हात पाण्यात घातला आणि पाइप धरून वर उचलला.

तो उचलेना.

हलक्या प्लॅस्टिकचा पाइप, दोन बोटांनी उचलायचा. त्याच्यावर भार होता. अडकल्याचा नव्हे, अडकलेली वस्तू ताठ असते. हा भार माझ्या ओढण्याबरोबर थोडा वर यायचा आणि पुन्हा खाली बसायचा. दुसऱ्या टोकाला कुणी धरून असावं तसा.

मी वाकलो होतो, चेहरा काचेजवळ. काचेवर वाफ धरलेली दिसली, तळहाताएवढी. वाटलं माझ्याच श्वासाची. पुसली. ती पुसली जाईना. ती आतल्या बाजूला होती, पाण्याखाली, लांब पानांच्या मागं, बसलेल्या माणसाचं तोंड येईल त्या उंचीवर. विरली. पुन्हा धरली. पुन्हा विरली, तेव्हा त्या जागी मला जे दिसलं ते एक सेकंद दिसलं, आणि मी डोळे मिटले.

डोळे मिटूनच म्हणालो, ‘‘लीला, सोड. पोरगी हाय ती. सोड.’’

भार गेला. पाइप इतका सहज वर आला की माझा तोल गेला आणि पाणी छातीवर उडालं. पृष्ठभाग फुटून खळाळायला लागला. कुपीचा रंग बदलायला दोन तास लागतात. ती माझ्यासमोर पिवळ्याची हिरवी झाली आणि हिरव्याची निळी.

मागं शिवानीनं मोठा श्वास घेतला आणि खोकली.

६

डॉक्टर म्हणाले, कोंदट खोलीत चक्कर आली असेल. बाळाचे ठोके ठीक होते. शिवानीला काही आठवत नव्हतं. कडी काढल्याचं, धोतर कोंबल्याचं. फक्त एवढंच म्हणाली की कुणीतरी कपाळावर फुंकर घालत होतं, बरं वाटत होतं, आणि मग घालायचं थांबलं.

जुलैअखेरीस मुलगी झाली. पहिलं रडणं एवढं मोठं की बाहेर बाकावर बसलेल्या मला दारातून ऐकू आलं.

टाकी मी त्याआधीच उपसली होती. वाळू, मुळं, मातीचा अंश न् अंश गोण्यांत भरून शेतात नेला आणि बांधाशी परत घातला. अक्का सोबत आली होती. तिनं विभूती लावून हात जोडले. टाकीत आता नवी वाळू आहे, मासे परत आत आहेत, सिलेंडर जोडलाय. मिनिटाला साठ, सगळे सारखे.

शिवानी पुण्याला गेल्यावर मी काही दुपारी सिलेंडर बंद करून पाहिला. पाइप खाली दाबला, खिडकी लावली, धोतर लावलं. स्टुलावर बसून शिवानीचं नाव घेतलं, नातीचं घेतलं. कुपी निळीच राहिली.

आमचा संसार अडतीस वर्षांचा. त्यात लीलानं माझं एकही म्हणणं पहिल्या सांगण्यात ऐकलं नाही. भाजीत मीठ कमी घाल म्हटलं तरी चारदा सांगावं लागायचं. मी त्या दुपारी दोनदाच ‘सोड’ म्हणालो, आणि तिनं ऐकलं.